नगरपरिषदेत आपत्तीचं टेबल वाट्याला आलं तर

विदर्भातल्या बहुतेक नगरपरिषदांत आणि नगरपंचायतींत ‘आपत्ती व्यवस्थापन विभाग’ अशी पाटी दिसत नाही. असतं ते एक टेबल, आणि तेही कुणाच्या तरी मूळ कामाला जोडून दिलेलं: स्वच्छता निरीक्षकाच्या, कनिष्ठ अभियंत्याच्या, अग्निशमन पर्यवेक्षकाच्या, कधी कर वसुलीच्या लिपिकाच्यासुद्धा. मे महिन्यात मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं आदेश निघतो, त्यात ‘नोडल अधिकारी’ म्हणून तुमचं नाव येतं आणि मागच्या वर्षीची फाईल हातात पडते. त्या फाईलीतले निम्मे फोन लागत नाहीत. काम तिथूनच सुरू करायचं.

आधी एक हिशेब डोक्यात पक्का बसवावा. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्या भागाची तुकडी नागपूरला असते, राष्ट्रीय दलाची बटालियन पुण्याला. जिल्ह्याची बोट आणि शोध-बचाव पथक जिल्ह्याच्या ठिकाणी. निरोप जाणं, मंजुरी, गाडीत सामान चढवणं आणि रस्ता, हे सगळं धरलं तर तालुक्याच्या गावात बाहेरची मदत पोचायला काही तास सहज जातात. रस्ताच पाण्याखाली असेल तर त्याहून जास्त. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की शहराचा संपर्कच तुटतो, हे दर पावसाळ्याचं आहे. पहिले काही तास जे करायचं ते गावातल्याच माणसांनी आणि गावातल्याच सामानावर. आराखडा लिहिताना या तासांचं काय, एवढंच विचारत राहावं.

कोण कुणाला विचारतो

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या कलम २५ प्रमाणे जिल्ह्याचं प्राधिकरण असतं, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. रोजचं काम निवासी उपजिल्हाधिकारी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी बघतात. तालुक्यात सूत्रं तहसीलदारांकडे. नगरपरिषद या कायद्यात ‘स्थानिक प्राधिकरण’ आहे आणि कलम ४१ मध्ये तिची कामं दिली आहेत: आपल्या माणसांना प्रशिक्षण देणं, साधनं कायम वापरण्याजोगी ठेवणं, आपल्या हद्दीतलं बांधकाम नियमांत बसवणं, मदत आणि पुनर्वसनाचं काम करणं. २०२५ च्या दुरुस्तीनं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सोय झाली, पण ती राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी. विदर्भात म्हणजे नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर. बाकीच्या गावांनी तहसीलकडेच बघायचं.

नवा माणूस इथे एक चूक हमखास करतो. हद्द शहराची म्हणजे सगळं नगरपरिषदेचं, असं तो धरून चालतो. पंचनामा महसूलचा, म्हणजे पटवाऱ्याचा (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, लोकांच्या तोंडी मात्र पटवारीच). बंदोबस्त ठाणेदाराचा. वीज बंद करणं महावितरणच्या शाखा अभियंत्याचं. धरणाच्या विसर्गाची खबर जलसंपदाची. जखमी ग्रामीण रुग्णालयाचे. नगरपरिषदेकडे उरतं ते नाले, रस्ते, पाणी, आग, निवारा, कचरा, मेलेली जनावरं आणि मुनादी, म्हणजे दवंडी. यादी छोटी वाटते, पण पुराच्या रात्री निम्म्याहून जास्त फोन याच कामांचे येतात.

म्हणून या सगळ्यांचे नंबर मे महिन्यात स्वतः लावून बघायचे. यादीत पदासमोर एक नंबर पुरत नाही. प्रत्येक कामाला दोन माणसं हवीत आणि दुसरा पहिल्याच्या घरचा नको. शाळेची चावी मुख्याध्यापकांकडे असते आणि मुख्याध्यापक उन्हाळ्यात नागपूरला मुलाकडे असतात, हे दर दोन वर्षांनी कुठे ना कुठे घडतं. शाळेची एक चावी शिपायाकडे, एक नियंत्रण कक्षात, चिठ्ठी बांधून. जलकुंभाच्या व्हॉल्व्हची चावी, फायर गाडीची चावी, समाजमंदिराची चावी, सगळ्यांचं तसंच.

मे महिना

मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, इतिवृत्त निघतं, ‘सर्व संबंधितांनी दक्ष राहावे’ असं वाक्य त्यात येतं. त्या वाक्यानं एक घमेलंही हलत नाही. बैठकीतून निघताना प्रत्येकाकडून काम, तारीख आणि त्या माणसाचं नाव घेऊन निघावं.

नालेसफाई ३१ मेपर्यंत संपायला हवी. पण तारखेपेक्षा गाळ कुठे टाकला ते बघा. काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला तर पहिल्या जोराच्या पावसात तो पुन्हा नाल्यात. ठेकेदाराच्या मोजमापात गाळ ‘काढला’ असतो, ‘वाहून नेला’ नसतो. कामाच्या आदेशातच दोन्ही शब्द घालून घ्यावेत. रस्त्याखालच्या मोऱ्यांची तोंडं सगळ्यांत महत्त्वाची. नाला दोनशे मीटर साफ आणि मोरीत प्लॅस्टिकचा बोळा, की पाणी शेजारच्या वार्डात. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी या तोंडांवरून पुन्हा फेरी मारायची. उन्हाळाभर उघड्यावर साठलेला कचरा त्या पहिल्या पाण्याबरोबर येऊन तिथेच अडकलेला असतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात गावाच्या वरच्या अंगाला मामा तलाव आणि बोड्या (लहान तळी) असतात. हे माजी मालगुजारी तलाव कुणाच्या ताब्यात आहेत, जिल्हा परिषदेच्या, जलसंपदेच्या की आपल्या, ते आधी कागदावर काढा. मग पाळीवरून चालत जा. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं, पाळीवर वाढलेली झाडं, पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी उन्हाळ्यातही ओली राहणारी जागा, आणि सांडव्यात घातलेलं अतिक्रमण किंवा मासे अडवायला लावलेली जाळी, एवढं बघायचं. सांडवा अडला की पाणी पाळीवरून जातं, आणि मातीची पाळ वरून पाणी गेल्यावर फार वेळ टिकत नाही. बाहेरून गढूळ पाणी झिरपायला लागलं तर ती माती वाहून जात असल्याची खूण आहे. खालचा वार्ड तेव्हाच हलवायचा. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर नजर ठेवायला वेळ मिळतो.

पडक्या इमारतींना नोटिसा नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम १९५ खाली जातात. मातीच्या भिंतींची घरं झडीत पडतात, म्हणजे तीन-चार दिवसांच्या रिपरिपीत भिंत पायापासून भिजल्यावर. एका तासाच्या धो-धो पावसानं तसं सहसा होत नाही. अशा घरांची यादी वार्डनिहाय असावी, आणि झडीच्या तिसऱ्या दिवशी सफाई कामगारांच्या हजेरीतूनच दोन माणसं त्या घरांवरून फिरवावीत.

सामानाची यादी मागच्या वर्षीवरून उतरवू नका. प्रत्येक वस्तू चालू करून बघा. बोटीची मोटर पाण्यात उतरवून पंधरा मिनिटं चालवायची. जुनं पेट्रोल, सुकलेलं कार्ब्युरेटर, आणि टू-स्ट्रोक मोटरमध्ये ऑइल न मिसळता भरलेलं पेट्रोल, या तीन कारणांनी बहुतेक बोटी ऐन वेळी काठावर बसून राहतात. मिसळण्याचं प्रमाण मोटरीच्या पुस्तिकेत बघून रंगानं बोटीवरच लिहून ठेवा. लाईफ जॅकेटचे पट्टे ओढून बघा. उंदरानं कुरतडलेले निघतात. झाड कापण्याच्या मशीनला सुटी साखळी आणि साखळीचं तेल हवं, कारण एप्रिल-मेच्या वादळात एका रात्रीत दहा झाडं रस्त्यावर येतात आणि पहिल्या तीन झाडांत साखळी बोथट होते. जनरेटर, पाणी उपसायचे पंप, सर्चलाईट, मेगाफोन, जाड दोर, टॉर्च. मेगाफोनचे सेल काढून वेगळे ठेवा, नाही तर ते आत गळून पत्रा खातात.

वैनगंगेच्या काठच्या गावांत ढिवर (मासेमार) बांधवांचे डोंगे असतात आणि नदी त्यांच्याइतकी कुणालाच कळत नाही. भोवरा कुठे आहे, कुठली वाट उथळ, हे त्यांना विचारावं. पण त्यांना पुरात उतरवायचं तर लाईफ जॅकेट देऊन, नाव नोंदवून आणि दिवसाची मजुरी ठरवून. ‘गावचीच माणसं आहेत’ म्हणून फुकट कामाला लावलं तर ते चुकीचंच, आणि पुढच्या वर्षी ते येणारही नाहीत.

पाणी येतंय कुठून

गावात पाऊस नाही, आभाळ उघडं, आणि नदी चढतेय, हा प्रकार नव्या माणसाला बुचकळ्यात टाकतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला जो पूर आला त्याचं पाणी वरच्या अंगाचं होतं: मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून सोडलेलं. भंडाऱ्यापासून चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतची गावं त्यात बुडाली. त्याच्याही आधीचं उदाहरण मोवाडचं. नरखेड तालुक्यातलं हे छोटं नगरपरिषदेचं गाव ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात सापडलं आणि २०० हून जास्त माणसं गेली. आपल्या नदीच्या वर कोणकोणती धरणं आहेत, ती कुठल्या राज्यात आहेत, त्यांच्या पूर नियंत्रण कक्षाचा नंबर कोणता, हे टेबलावर काचेखाली असलंच पाहिजे.

विसर्गाचा निरोप क्युमेक्समध्ये येतो की क्युसेक्समध्ये, ते बघूनच पुढे पाठवा. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे ३५.३ क्युसेक. ५,००० क्युमेक्सचा निरोप कुणी ५,००० क्युसेक्स म्हणून व्हॉट्सअपवर टाकला तर काठावरचे लोक झोपून राहतात. उलट झालं तर अख्खं गाव पळत सुटतं. दोन्ही प्रकार होतात.

विसर्ग कळला तरी आपल्या घाटावर पाणी किती तासांनी आणि कुठवर येईल हे निरोपात नसतं. त्यासाठी गावानं स्वतःचा तक्ता करायचा असतो. पुलाच्या खांबावर फुटांच्या किंवा मीटरच्या खुणा रंगवा. प्रत्येक पुरात धरणाचा विसर्ग, सोडल्याची वेळ, खांबावरची पातळी आणि त्या पातळीला पाणी कुठल्या घराच्या ओट्यापर्यंत आलं, या चार गोष्टी लिहा. दोन-तीन पावसाळ्यांत असा तक्ता तयार होतो की त्यावरून वार्ड सांगता येतो. जुन्या माणसांना विचारून मागच्या मोठ्या पुराची खूणही घ्यावी. मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी होतं ते त्यांना नेमकं आठवतं. पूररेषेचे नकाशे तहसीलमध्ये किंवा जलसंपदेकडे मिळतात: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली घरं तुमच्या पहिल्या यादीत.

आणखी एक गोष्ट. नदी भरली की गावातला नाला नदीत उतरत नाही, उलटा फुगतो. अशा वेळी नाल्याच्या तोंडाशी जेसीबी लावून काही होत नाही. पंप लागतात, किंवा खालच्या घरांतली माणसं हलवावी लागतात.

हवामानाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा बघावा. ते जिल्हानिहाय पिवळा, नारिंगी, लाल इशारा देतात आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. महसूलच्या भाषेत मंडळात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. विजांसाठी दामिनी आणि सगळ्या इशाऱ्यांसाठी सचेत, ही दोन ॲप कर्मचाऱ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून द्या. आठवडी बाजाराच्या दिवशी दामिनीकडे विशेष लक्ष असावं. पाऊस आला की उघड्या मैदानातले लोक ताडपत्रीच्या बांबूंना धरून उभे राहतात नाही तर एकाच झाडाखाली जमतात.

नियंत्रण कक्ष

१ जूनपासून कक्ष चोवीस तास चालतो, तीन पाळ्यांत. जिल्ह्याचा नंबर १०७७, पोलीस आणि इतर तातडीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१. पण लोक तुमचा स्थानिक नंबर लावतात, आणि त्याचा रिचार्ज संपलेला असणं ही सगळ्यांत सामान्य चूक आहे. वर्षाचा रिचार्ज मे महिन्यात टाका. वीज गेल्यावर काही तासांनी टॉवरही बंद पडतात. तेव्हा पोलिसांचा किंवा वन विभागाचा बिनतारी संच कामी येतो. ठाण्यात एक माणूस बसवायचा की ठाण्यातून निरोप्या यायचा, हे आधीच ठरवून घ्यावं.

नोंदवहीत रकाने असे आखा: वेळ, सांगणाऱ्याचं नाव आणि मोबाईल, जागा आणि जवळची खूण, काय झालं, किती माणसं अडकलीत, कुणाला कळवलं आणि किती वाजता, त्यानं काय केलं, प्रकरण कधी बंद. शेवटचे दोन रकाने बहुतेक वह्यांत कोरे असतात आणि नंतरच्या चौकशीत तेच विचारले जातात. फोन घेणाऱ्यानं ‘पाठवतो’ म्हणून फोन ठेवला आणि पाठवलं कुणालाच नाही, ही चूक पाळी बदलताना होते. म्हणून पाळी सोपवताना उघडी प्रकरणं तोंडी वाचून दाखवायची आणि घेणाऱ्याची सही घ्यायची.

तहसीलला रोज सकाळी अहवाल जातो. काही घडलं नाही तर ‘निरंक’. पाच दिवस सवयीनं निरंक लिहून सहाव्या दिवशीही तेच लिहिलं, आणि रात्री दोन घरं पडलेली होती, असं होऊ देऊ नका. निरंक लिहिण्याआधी प्रत्येक वार्डच्या जमादाराला एक फोन.

लोक घर सोडत नाहीत, कारण

‘सहकार्य करत नाहीत’ असं अहवालात लिहिणं सोपं आहे. खरं कारण गोठ्यात बांधलेलं असतं. शेळ्या, म्हैस, कोंबड्या, बंडीचे बैल यांचं काय ते सांगितल्याशिवाय कुणी उठत नाही. निवारा निवडताना शेजारी उंचावर जनावरं बांधायची जागा आणि चाऱ्याची सोय धरा. अर्धा वाद तिथेच मिटतो. उरलेला अर्धा चोरीच्या भीतीचा असतो, त्यासाठी ठाणेदारांकडून रिकाम्या वस्तीत गस्त ठरवून घ्या आणि मुनादीतच तसं सांगा.

मुनादी देताना ‘पाणी वाढण्याची शक्यता आहे, सतर्क राहावे’ असं बोलू नये. कुठल्या वार्डानं, किती वाजेपर्यंत, कुठल्या शाळेत, सोबत काय घेऊन: आधार, बँकेचं पासबुक, औषधं, एक जोड कपडे. रात्री आठच्या आत हलवा. अंधारात, पाण्यात, म्हाताऱ्या माणसांना आणि बाळंतिणींना उचलून नेणं कुणालाही नको असतं. अंथरुणाला खिळलेले, दिव्यांग आणि गरोदर बायका यांची यादी आशाताईंकडे तयारच असते, ती मागून घ्या. महावितरणला फोन करून पाणी मीटरपर्यंत पोचण्याआधी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करायला लावा, आणि लोक निघून जायच्या आधी नको. काळोखात कुणी निघत नाही.

निवाऱ्याचा हिशेब कागदावर करा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांप्रमाणे माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, रोज किमान तीन लिटर पिण्याचं पाणी आणि तीस माणसांमागे एक शौचालय. सहा मीटर बाय आठ मीटरची वर्गखोली म्हणजे ४८ चौरस मीटर, म्हणजे १३ माणसं. आराखड्यात तिथे ‘क्षमता ५०’ लिहिलेलं असतं. एका रात्रीसाठी लोक दाटीवाटीनं झोपतात, तिसऱ्या दिवशी भांडणं आणि जुलाब सुरू होतात. शाळेच्या शौचालयांना पाणी येतं का ते जूनमध्येच बघा. बायकांसाठी वेगळी खोली, आतून कडी लागणारी.

आग

पूर वर्षातून एकदा येतो, आग कधीही. यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडच्या गावांत दिवाळीनंतर जिनिंगची, म्हणजे कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्याची, आग हा मोठा धोका. फायर गाडीत साधारण ४,५०० लिटर पाणी असतं. एका ब्रँचमधून (पाणी फेकणाऱ्या नळीच्या तोंडातून) मिनिटाला ४५० लिटरच्या आसपास जातं. म्हणजे एक ब्रँच दहा मिनिटं, दोन ब्रँच पाच. गाडी पोचली म्हणून लोक निश्चिंत होतात, आणि पाचव्या मिनिटाला ती परत पाणी भरायला निघाली की दगड पडतात. म्हणून गाडी निघताना पाणीपुरवठ्याचे टँकर तिच्या मागोमाग निघाले पाहिजेत, आणि जवळचं भरण्याचं ठिकाण (जलकुंभ, जिनिंगची स्वतःची टाकी, विहीर) चालकाला तोंडपाठ हवं. विहिरीतून ओढायचं तर पाण्याची पातळी पंपापासून सात मीटरच्या आत लागते. एप्रिल-मेमध्ये बऱ्याच विहिरी त्याच्या खाली जातात, मग विहीर असून उपयोग नाही.

कापसाची गाठ वरून विझते आणि आतून धुमसत राहते. दाबलेल्या कापसात पाणी शिरत नाही. गाठी एकेक करून जेसीबीनं बाहेर काढायच्या, पट्ट्या तोडून पसरवायच्या आणि मग भिजवायच्या. ‘आग आटोक्यात’ लिहून गाडी परत आणली आणि पहाटे पुन्हा बोलावणं आलं, असं या धंद्यात सर्रास होतं. रात्रभर एक गाडी तिथेच उभी ठेवा. शेजारच्या नगरपरिषदेची गाडी मागवायची तर धूर दिसताच मागवा. चाळीस किलोमीटरवरून ती तासाभरानं येते, आणि परत पाठवायला काही लागत नाही.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्यात नवजात बालकांच्या कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळं गेली. त्यानंतर फायर ऑडिटची धावपळ झाली. नियम त्याच्या आधीपासून आहे: २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकानं दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला. दवाखाने, मंगल कार्यालयं, कोचिंग क्लास यांची यादी करून हा फॉर्म मागायचा. आणि फॉर्म आला तरी जाऊन होजरीलचा (इमारतीतल्या आग विझवायच्या नळीच्या गुंडाळीचा) व्हॉल्व्ह स्वतः फिरवून बघायचा.

पाणी ओसरल्यावर

पहिलं काम विहिरी. ३३ टक्के क्लोरीनच्या ब्लिचिंगचं नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास असतं. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीत आधी उपसा करून दुपटीपासून सुरुवात करा. गोल विहिरीतलं पाणी असं काढतात: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले चार, गुणिले हजार. चार मीटर व्यास आणि पाच मीटर पाणी म्हणजे ६२,८०० लिटर, म्हणजे पाच ग्रॅमच्या हिशेबानं ३१४ ग्रॅम. पावडर थेट टाकायची नाही. बादलीत कालवून, निवळून, वरचं पाणी विहिरीत. खालचा चुना फेकून द्यायचा. तासाभरानं ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते बघायचं. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा. बहुतेक वेळा गडबड पावडरीत असते: उघड्या पोत्यात पडून तिचा क्लोरीन उडालेला असतो. प्रयोगशाळेत २० टक्क्यांच्या खाली निघाली तर वापरूच नये.

मेलेली जनावरं चोवीस तासांत पुरा, पण पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला आणि फोटो झाल्यावर. घाईघाईत पुरलेल्या म्हशीची मदत मालकाला मिळत नाही.

पंचनामा महसूलचा असला तरी घराचा मालमत्ता क्रमांक, घर पक्कं की कच्चं, राहतं की रिकामं, हे नगरपरिषदेच्या नोंदवहीतून जातं. म्हणून पटवाऱ्यासोबत कर विभागाचा माणूस हवाच. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत मृत्यूसाठी ४ लाख, मैदानी भागातल्या पूर्ण पडलेल्या घरासाठी १ लाख २० हजार, अंशतः पडलेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्यासाठी ४,०००, पडलेल्या झोपडीला ८,०००, दुभत्या म्हशी-गाईला ३७,५००, शेळीला ४,००० असे दर आहेत. अंशतः म्हणजे किमान १५ टक्के नुकसान. राज्य शासन वेळोवेळी वेगळे आदेश काढतं, त्यामुळे चालू शासन निर्णय हातात ठेवूनच लोकांशी बोला. तोंडी आकडा सांगितला की तोच गावभर होतो. मदत अडते ती बहुधा दोन ठिकाणी. आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही. किंवा घर सासऱ्याच्या नावावर आणि राहते सून. दोन्ही गोष्टी पंचनाम्याच्या वेळीच शेऱ्यात लिहून घ्याव्यात.

बिलांचं आत्ताच सांगून ठेवतो. जेसीबी, ट्रॅक्टर, ट्रक तातडीनं बोलावले की प्रत्येकाला एक चिठ्ठी: सुरू वेळ, बंद वेळ, मीटर, जागा, काम, तुमची आणि चालकाची सही. तातडीच्या कामाचे आदेश नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ५८(२) खाली होतात, आणि ते कारणासह सभेपुढे ठेवावे लागतात. खासगी वाहन ताब्यात घ्यायची वेळ आली तर आपत्ती कायद्याच्या कलम ६५ खालचा आदेश तहसीलमार्फत घ्यावा. चिठ्ठी नसेल तर बिल वर्षभर लेखापरीक्षणात फिरतं, आणि पुढच्या पुरात तोच जेसीबीवाला फोन उचलत नाही.

उन्हाळा आणि शिकणं

उष्णतेची लाट चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पुराइतकीच खरी आहे. कमाल तापमान ४५ अंशांवर गेलं की लाट, ४७ ला तीव्र लाट. नगरपरिषदेच्या हातात असतं ते एवढंच: सफाई कामगारांची पाळी सकाळी सहा ते अकरा करणं, बाग दुपारी उघडी ठेवणं, बसस्थानक आणि बाजारात पाणपोई, आणि पाणपोईचा माठ रोज घासला जातो की नाही ते बघणं. नागपूरनं २०१६ पासून उष्णता कृती आराखडा राबवला आहे. तो मागवून आपल्या गावापुरता लहान करावा.

गावातल्या तरुणांना आपदा मित्र प्रशिक्षणाला पाठवा: वय १८ ते ४०, बारा दिवस. अग्निशमनात पुढे जायचं असेल तर राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपूरलाच आहे, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही. स्वतःसाठी यशदाची (राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेची) छोटी प्रशिक्षणं आणि इग्नूची आपत्ती व्यवस्थापनाची पदविका नोकरी सांभाळून जमते.

आणि ऑक्टोबरमध्ये, कक्ष बंद होण्याच्या आठवड्यात, बोटीची मोटर स्वच्छ पाण्यात चालवून पेट्रोलचा नळ बंद करा आणि ती आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडं पडेल. दोर उन्हात वाळवून सावलीत टांगा. लाईफ जॅकेट मोजा. कमी भरलेली कुणाच्या घरी गेलीत ते त्या आठवड्यात तरी लोकांना आठवतं.